काळजाची वाइन

एलादिओनं लेबलाचा कागद नाकाशी धरला, लांब धरला, आणि मग खो खो हसत सुटला. इरियानं हातातला कुंचला खाली ठेवला. सासऱ्याला लेबल पटलं नाही तर सोमवारी टँकर येणार आणि वर्षभर जपलेल्या द्राक्षांची वाइन दरवर्षीप्रमाणे दहा गावांच्या वाइनीत मिसळून जाणार. यंदा पहिल्यांदाच ती घरच्या लेबलाच्या बाटल्यांत भरायचं ठरलं होतं, आणि लेबलाचं काम म्हाताऱ्यानं या समुद्रकाठच्या सुनेवर सोपवलं होतं.

"लेबलावर नुसतं काळीज, असं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. कागदावर तिनं टपोरं लाल हृदय रंगवलं होतं.

"अगं पोरी, ते काळीज नव्हे. उनाई, बायकोला काही सांगितलंस की नाही रे?"

"तिनं विचारलं नाही," अंगणातून नवरा म्हणाला. तो द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्या पेटवत होता.

"आणि तुला तोंड नव्हतं," इरिया म्हणाली.

एलादिओ तिला दगडी हौदाकडे घेऊन गेला. अख्खेच्या अख्खे घड आत टाकून आठवडा झाला होता. आपसूक गळाली ती 'अश्रू', ती सकाळीच काढून घेतली होती. आता आत उतरून तुडवायचं, म्हणजे मधली येते. तिचं नाव काळीज. शेवटी चोथा दाबून निघते तिचं कुणी नाव घेत नाही. म्हाताऱ्यानं दोरीला बांधलेली मेणबत्ती हौदात सोडली. आतल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून ही खबरदारी. ज्योत हलली, पण विझली नाही.

"उतर," तो म्हणाला.

पाय धुऊन इरिया उतरली आणि जागीच थबकली. हौद गरम होता. आजारी लेकराच्या अंगासारखा गरम. पायाखाली दाणे फुटत होते, आणि तळातून बारीक गुणगुण येत होती. तिनं एक अख्खा दाणा उचलून तोंडात टाकला. सालीला चीर नाही, देठ जागच्या जागी, आणि आत वाइन झालेली. कुणी हात लावला नव्हता, कुणी पिळलं नव्हतं. बंद दाण्याच्या आत आपलं आपण हे सगळं होतं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. खाली तोटीतून जांभळी धार सुरू झाली तेव्हा एलादिओनं टोपी काढली. तो दरवर्षी काढतो म्हणे.

वर आली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत रंगले होते. ती तशीच जेवणाच्या टेबलाशी बसली आणि त्याच कागदाच्या पाठीवर तिनं एकच दाणा काढला. काळा, अख्खा, देठासकट. खाली लिहिलं, काळीज. बाकी कागद कोरा.

एलादिओनं कागद पाहिला. हसला नाही. उठून तळघरात गेला. इरियाला वाटलं, संपलं सगळं. उनाईनं कोकराच्या बरगड्या ताटात वाढल्या. त्यांना वेलींच्या धुराचा वास होता. तिच्या पुढ्यात नेहमीसारखी दुकानातली, सोनेरी लेबलाची बाटली होती. लग्न झाल्यापासून दर रविवारी हीच असे, आणि आपला मान ठेवतात म्हणून ती मनातून सुखावायची.

म्हातारा मागल्या सालच्या काळजाची, धुळीनं भरलेली एक बिनलेबलाची बाटली घेऊन वर आला. सोनेरी लेबलाची त्यानं बाजूला सारली, तिचा ग्लास भरला आणि मुलाला म्हणाला, "टँकरवाल्याला सांग, सोमवारी येऊ नको."

बरगडीचा घास आणि वर घोट. धूर, मांस आणि वाइन तोंडात अशी एक झाली की कुठलं काय ते तिला कळेना. वेल तीच, काटक्या त्याच वेलीच्या, आणि हे त्या वेलीचं काळीज. तिनं बाटली फिरवून पाहिली.

"हिला लेबल नाही?" तिनं विचारलं.

"लेबल पाहुण्यांसाठी असतं," एलादिओ बरगडी चोखत म्हणाला. "घरच्यांच्या बाटलीला कशाला?"