त्यात मीठ नाही

कागदाच्या घडीत धरलेला तो तपकिरी तुकडा बत्ताशाइतका हलका होता, आणि त्यातून राजेश्वरअप्पांना मिळणार होतं ते एवढंच : थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत, भगवानराव साहेबांच्या व्हरांड्यात, पायरीऐवजी खुर्ची. पैसा फार नव्हता. विकतचं खाणं खातील अशी कुत्री परळीत असून असून किती असणार... पण खुर्ची. सरकी-पेंडीच्या दुकानदाराला कॉलनीत चहा मिळायचा, बशीसकट मिळायचा, फक्त तो पायरीपाशी यायचा, आणि अप्पा तो उभ्यानं पीत, आपल्याला उभ्यानंच आवडतो असं दाखवत.

तुकडा मांसाचा होता. परदेशात कुठेतरी कच्चं मांस आधी गोठवतात, मग त्यातलं पाणी यंत्रात उडवून टाकतात आणि मागं हे उरतं, असं मुंबईच्या एजंटानं कुत्र्याच्या खाण्याचं नमुन्याचं पाकीट दुकानात ठेवताना सांगितलं होतं — जणू अप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसच विकलं जात होतं. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. तेव्हा ते पाकीट रात्री मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीवर राहिलं, आणि आता सकाळी अप्पा ते दोन बोटांत कागद धरून तपासत होते. फोडण्याआधी शिवण घट्ट होती. पाकीट फुगलेलं नव्हतं. तुकडे एकमेकांना चिकटले नव्हते, म्हणजे दमट हवा आत गेलेली नाही. इथवर मांस काय आणि पेंड काय, सारखंच. अडचण पुढं होती.

अडचण वडलांची होती. शिवलिंगप्पा जिभेवर ठेवल्याशिवाय पोतं विकत नसत. पेंडीला आतून बुरशी लागली तर ती डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कडू लागते; दुसऱ्याकडची पेंड खाऊन म्हशी आडव्या झालेल्या मोंढ्याच्या बाजारानं पाहिल्या होत्या, यांच्याकडची खाऊन एकही नाही. 'अप्पाचा माल चाखलेला हाय' — एवढ्या वाक्यावर दुकान उभं होतं. राजेश्वरअप्पांनी ती रीत चालवली, थोडी सजवलीही. दुकानात चार माणसं असली की ते जरा जास्त वेळ चाखत, डोळे मिटून.

आणि साहेबांनी नेमकं तेच ऐकलं होतं. त्यांचा टायसन, वासराएवढा अल्सेशियन, उन्हाळ्यात बाजारातलं कच्चं मांस खाऊन मरता मरता वाचला होता. तेव्हापासून त्याची किडनी नाजूक. "अप्पा, तुम्ही चाखून देता म्हणे," साहेब म्हणाले होते. "तुमचा शब्द आला तरच घालीन. उद्या संध्याकाळी सांगा." म्हणताना हसले होते का... हसले असते तर बरं झालं असतं. कच्च्या मांसाचं एक बरं असतं, बिघडलं की ते बोंबलतं, वास मारतं, माश्या बोलावतं. हे वाळलेलं मुकं. दुकानातल्या कुत्र्याला घालून बघावं, तर त्याचं नावच मुनीम — तो सुतळीसुद्धा खातो, त्याची साक्ष कोण धरणार?

"ते पाकीट न्हाणीवर कावून ठेवलंय?" मागून कावेरी आली होती, कडेवर धुण्याची बादली. बायकोला सगळं सांगावं लागलं, खुर्चीचं तेवढं सोडून.

"मग चाखणार कोण?"

"कोण म्हंजे... बघू की."

"बघा," ती म्हणाली आणि धुणं वाळत घालू लागली.

दुपारी ते जेवायला आले तेव्हा तिचे केस पुन्हा ओले होते. "परत न्हालीस?"

"थर्मलची राख लई उडतीय आज," तिनं भाकरी वाढली. "ते कोमट पाण्यात भिजवलं मी. भिजल्यावर वास कळतो. खवट न्हाई, आंबूस न्हाई. आपल्या पेंडीवानीच हाय, भिजवल्याबिगर बोलत न्हाई." आणि आत जाता जाता, पाठमोरी, "त्यात मीठ न्हाई."

अप्पांनी आमटीकडे पाहिलं, चिमूटभर मीठ वरून घातलं आणि पहिल्याच घासाला जीभ आखडली. खारट. तरी त्यांनी निमूट खाल्लं. ही आताशा विसरते, वय झालं, बोलायचं नाही... बायकोच्या चुका पोटात घालणं हा आपला गुण अप्पांना फार आवडे.

संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची आली. वेताची, पाठीला गादी असलेली. टायसन भांड्यापाशी उभा, हाडं मोजता येतील असा.

"वास, ताजेपणा, सगळं ठीक?" साहेबांनी विचारलं.

"भिजवून बघितलं साहेब. खवट न्हाई, आंबूस न्हाई."

"आणि मीठ? डॉक्टरांनी बजावलंय, मीठ अजिबात चालायचं नाही."

"मीठ न्हाई त्यात," अप्पा म्हणाले, सहज, तोंडात तयार असल्यासारखं — आणि म्हणता म्हणता त्यांना दुपारची आमटी आठवली, तिची पाठ आठवली, तिचं ते वाक्य... ती आमटीचं बोलतच नव्हती. वास नाकाला कळतो, खवटपणा नाकाला कळतो, पण मीठ... मीठ कुठल्या नाकाला कळलंय आजवर? आणि राख कुठं उडत होती, दोरीवरचं धोतर पांढरंशुभ्र होतं, मीच तर ते नेसून आलो इथं.

"अप्पा? चाखलंत ना?"

"घरात चाखलंय साहेब," अप्पांच्या तोंडून आलं. "घाला."

टायसननं भांडं चाटून पुसून ठेवलं आणि साहेब लहान मुलासारखे त्याच्याजवळ उकिडवे बसले. तो आनंद बघण्यासारखा होता. अप्पांनी तो पाहिला, पण दुसऱ्याच्या खिडकीतून पाहावा तसा.

घरी कावेरी डाळ निवडत होती. कपाळ कोरं. लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय, भस्म लावल्याशिवाय ही घास घेत नाही. सासरी आली त्या दिवसापासून नाही.

"काय म्हणले साहेब?"

"घातलं. खाल्लं कुत्र्यानं."

"बरं झालं. मुकं जनावर."

"तू जेवलीस?"

"उद्या सोमवार. उद्या पूजा करून जेवते." डाळीतून नजर वर नाही.

आज कावून न्हाई — हे ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. विचारलं तर तिला खोटं तरी बोलावं लागेल, नाहीतर खरं; आणि दोन्हींपैकी कशाला पुरेल एवढं मी काय केलं होतं तिच्यासाठी? या घरात उपकार मानायला शब्दच नाही, वडील आईला कधी काही म्हणाले नाहीत, मी कुठून आणू... शोधून शोधून एवढंच सापडलं.

"आमटी चांगली झालती दुपारी."

"चांगली होती, खारट तुमी केली," ती म्हणाली. "आतून बघत होते की मी. वरून मीठ टाकलं, अन् मग मुकाट गिळत बसले." आणि ती हसली, पदर तोंडाला लावून, खूप वेळ.

तिनं अप्पांचं ताट वाढलं. भाकरी गरम होती, वाफ येत होती, हात पुढं जाईना. साहेबांना आज निवांत झोप लागेल, टायसनचं पोट भरलं, मोंढ्यात आपलं नाव आणखी मोठं होईल. उपाशी ती एकटी, आणि इतक्या मोकळेपणानं हसतही होती ती एकटीच.