पाठमोरी सगुणाबाई

"मुंजाजी, हा खण तुमच्या मंडळींना द्या," डाकबंगल्यात उतरलेल्या पार्वतीबाई चौकीदाराला म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यात बघितलेल्या त्यांच्या त्या हिरव्या लुगड्यावर शोभेल असा मुद्दाम बघून घेतलाय."

मुंजाजीच्या हातातला ट्रे हलला आणि चहा बशीत सांडला. त्याने ट्रे टेबलावर ठेवला, खांद्यावरच्या दस्तीने बशी पुसली आणि दोन्ही हात पुढे करून खण घेतला.

"कशाला तकलीफ केलीसा बाईसाहेब."

"तकलीफ कसली? आम्ही काल तिसऱ्या प्रहरी येऊन पोचलो, तर समोर त्याच दिसल्या, मोरांना दाणे टाकत होत्या. मी यांच्याकडून दुर्बीण घेतली. काय सांगू, अगदी अंगणात उभ्या असल्यासारख्या दिसल्या. आणि वळून हसल्या हो माझ्याकडं बघून!"

मुंजाजी मनातून भ्याला. "व्हय का," एवढंच तो बोलला आणि रिकामा ट्रे घेऊन स्वयंपाकघराकडे वळला.

भिण्यासारखंच होतं ते. सगुणाबाईला जाऊन सहा पावसाळे झाले होते. दुर्बिणीतून दिसलेली बाई म्हणजे तिचं लुगडं नेसलेला मुंजाजीच होता, आणि तो कधीच वळत नसे. वळून कसं चालेल? तोंडावर केवढ्या मिशा! बंगल्याकडे पाठ करून उभं राहायचं, दाणे टाकायचे आणि तसंच पळसांच्या आडून निघून यायचं, हा त्याचा नेम. मग हसलं कोण?

करंजवाडीचा तलाव जिंतूरकडच्या डोंगरात आहे. तलावाच्या काठावर दोन खोल्यांचा आणि लांब व्हरांड्याचा डाकबंगला, मागे चौकीदाराची खोली, आणि तिन्ही बाजूंनी पळस, धावडा नि करवंदीचं रान. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरतात, पहाटे रोही, म्हणजे नीलगाई, पाण्याला येतात, हरणांचे कळप समोरच्या माळावर उभे असतात. परभणीहून साहेब लोक, कॉलेजातले प्राध्यापक, कधी पार्वतीबाईंचे यजमान दिनकरराव यांच्यासारखे रिटायर झालेले हेडमास्तर दोन-तीन दिवस राहायला येत. वेताच्या खुर्च्या टाकून, गळ्यात दुर्बीण अडकवून दिवस दिवस बघत बसत. पण खरी मजा तिसऱ्या प्रहराची. त्या वेळी मोर यायचे.

या मोरांना सगुणाबाईने लळा लावलेला. चौकीदारी नवऱ्याची, पण बंगला चालायचा तिच्या हाताने. पाहुण्यांची जेवणं आटोपली की सुपात ज्वारीच्या कण्या घेऊन ती पळसांपाशी जायची आणि गळा सोडून हाक मारायची, "याऽ यो यो याऽ, या माय याऽ!" करवंदीतून एकेक निळी मान वर यायची. बघता बघता दहा-बारा पाखरं तिच्या पायाशी दाणे टिपायची, इतकी जवळ की एखाद्याचा पिसारा तिच्या लुगड्याला घासायचा. पाहुणे तोंडात बोट घालायचे. मुंजाजीने मात्र हे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या वेळी तो भांडी घासत असायचा. त्याला फक्त हाक ऐकू यायची.

मग ते साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडे मराठवाड्यात दलित वस्त्यांतली घरं पेटली. एसटी बंद पडली. सगुणाबाई त्याच दिवसांत तापाने पडली आणि उठलीच नाही. एकुलती लेक तानू सेलूकडच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या वस्तीतली माणसं वेशीबाहेर पाऊल टाकायला धजत नव्हती, तर लेकीला निरोप कोण देणार आणि आणणार कोण? मुंजाजीने वाट पाहता येईल तेवढी पाहिली. पावसाळ्याचे दिवस, माती किती ठेवणार? शेवटी वस्तीवरच्या चार माणसांनी तलावाच्या काठावर अग्नी दिला. पंधरवड्यानंतर तानू आली ती अंगणातच बसली. "बा, मला मायचं तोंड बी दाखवलं न्हाईस," म्हणाली. त्यानंतर ती वर्षातून एकदा यायची, बापाला भाकरी करून घालायची, पण हे वाक्य दोघांच्या मध्ये कायम बसलेलं असायचं.

सगुणाबाई गेली आणि मोर यायचे थांबले. मुंजाजीने सूप घेऊन जाऊन पाहिलं, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पाखरं करवंदीतून बघायची, पण पुढे येत नव्हती. त्याला ते फार लागलं. तिला ओळखणारं एवढंच उरलं होतं रानात, आणि तेही तोंड फिरवून बसलं. एका गारठ्याच्या दिवशी अंगावर पांघरायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्याने तिचं हिरवं लुगडं गुंडाळलं आणि तसाच गेला. त्या दिवशी मोर आले. जरा लांबच थांबले, पण आले. तो आधी स्वतःलाच हसला, मग तिथेच मटकन बसून रडला.

तेव्हापासून तो लुगडं नेसू लागला, अगदी कासोटा घालून, पदर डोक्यावर घेऊन. हाक मारताना त्याचा घोगरा आवाज पातळ व्हायचा. कधीकधी तर हाक संपल्यावर त्याला वाटे, ही आपण मारलीच नाही. तलावाच्या पाण्यात तो चुकूनही वाकून बघत नसे. गुराख्यांनी सगुणाबाई काठावर फिरते म्हणून त्या वाटेने गुरं नेणं सोडलं. नवे पाहुणे "तुमच्या बायकोची कमाल आहे" म्हणू लागले. मुंजाजीने कुणालाच खरं सांगितलं नाही. बायकोचं लुगडं नेसणारा चौकीदार म्हटल्यावर जिंतूरच्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आणि दुसरं असं, की लोक तिच्याबद्दल 'आहे' म्हणून बोलत, ते त्याला गोड लागे.

खण त्याने फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"जयभीम बा!"

तानू होती. काखेत तान्हं, डोक्यावर गाठोडं. मुंजाजी लगबगीने पुढे झाला, नातीला घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं.

"कळवायचं तरी व्हतंस. आलो असतो की फाट्यावर."

"तू कुठं येतूस, पाव्हणे सोडून," तानू म्हणाली, पण आज आवाजात धार नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर तिने मुद्द्यालाच हात घातला. "बा, मी मायचं लुगडं न्यायला आले. लेकराला वाकळ शिवायलेय. आज्जीच्या जुन्या लुगड्यात लेकरू निजलं की त्याला आज्जीचं आयुष्य लागतं म्हणतात."

मुंजाजी चुलीकडे वळला. चूल चांगली पेटलेली होती, तरी तो फुंकू लागला.

"लुगडं कुठलं आता? समदं तिच्यासंगंच दिलं."

"हिरवं बी? ते तर तिनं सणासुदीला ठेवलं व्हतं."

"ते बी."

"तोंड बी न्हाई आन् चिंधी बी न्हाई," तानू म्हणाली. "लेक म्हणून मला काय ठिवलंस बा तू?"

लुगडं तिच्या मागच्याच पेटीत, गोधड्यांच्या तळाशी होतं. द्यावं, उठून आत्ता हातात ठेवावं, असं मुंजाजीला वाटत होतं. पण दिलं की सुई फिरणार, तुकडे होणार, आणि उद्या तिसऱ्या प्रहरी मोरांसमोर कोण उभं राहणार? आपल्या सख्ख्या लेकीला आपण पाखरांसाठी नाही म्हणतोय, हेही त्याला कळत होतं. त्या दिवशी पिठलं खारट झालं. दिनकरराव मुकाट्याने जेवले.

ऊन कलायला लागलं. आज जाऊच नये, असं त्याने ठरवलं होतं. पण व्हरांड्यात खुर्च्या सरकल्या, आणि करवंदीत एका मोराने केकाटून हाक दिली. सगुणा असती तर म्हणाली असती, लेकरं भुकेली झाली. तानू तान्हीला पाजत पडली होती, तिचा डोळा लागला होता. मुंजाजीने आवाज न करता पेटी उघडली.

"सरपण आणतो गं," तो दारातून उगीच पुटपुटला. "तू पड. व्हरांड्याकडं जाऊ नको, पाव्हणे हायेत."

पळसांच्या आड त्याने लुगडं नेसलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला. सूप डाव्या कमरेवर टेकवलं, उजव्या हातात कण्या घेतल्या आणि हाक दिली. हाक आज फार पातळ निघाली, त्याचा त्यालाच काटा आला. एकेक मान वर आली. मोर आले, नेहमीसारखे आठ-दहा हात दूर थांबले, त्याने लांब फेकलेले दाणे टिपू लागले.

आणि मागून धावत येणारी पावलं वाजली. बांगड्यांचा आवाज आला.

"माय!"

सगळं रान थांबल्यासारखं झालं. मुंजाजीची मूठ तशीच हवेत राहिली. ती जागी होऊन व्हरांड्याकडे गेली होती आणि पार्वतीबाईंनी तिला हौसेने दुर्बीण दिली होती, "बघ तुझी आई," म्हणून, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की पाठीमागे वीसेक पावलांवर आपली लेक उभी आहे आणि तिला धाप लागली आहे.

"माय..." आता आवाज बारीक होता, लहानपणी तापात हाक मारायची तसा.

वळलं तर मिशा दिसणार. वळलं तर सगुणा पुन्हा मरणार, आणि या वेळी लेकीच्या डोळ्यांदेखत. तो वळला नाही. त्याने मूठ उघडली, दाणे टाकले. पुन्हा सुपात हात घातला, पुन्हा टाकले. जेवढं सावकाश जमेल तेवढं सावकाश. घे पोरी, तो मनात म्हणत होता, बघून घे, पोटभर बघ. त्या दिवशी तुझ्यासाठी थांबता आलं न्हाई, आज मी थांबतो.

मागे गवत दबलं. ती खाली बसली होती. हुंदका ऐकू आला, मग तोही थांबला. मोर दाणे टिपत राहिले. सुपातला शेवटचा कण संपला तरी मुंजाजी रिकामी मूठ टाकत राहिला. खूप वेळाने पावलं परत गेल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने पदराने तोंड पुसलं. लुगड्याला आता तिचा वास राहिला नव्हता, धुराचा आणि त्याच्या घामाचाच येत होता.

तो लुगडं काखेत घेऊन उघडपणे घरी आला. लपवण्यात अर्थ नव्हता. तानू चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. त्याने लुगडं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. खोटं बोललो म्या. पाखरं येत न्हवती गं तिच्याबिगर."

तानूने तव्यावरची भाकरी उलटली. पिठाचे हात पुसले. मग लुगडं मांडीवर घेऊन त्याचं एक टोक शोधू लागली. पदर नाही, दुसरं, आत खोचायचं टोक. दातांनी तिथे कापलं आणि हाताने टरकन फाडलं. दीड हाताचा तुकडा निघाला. उरलेलं तिने घडी घालून बापाच्या मांडीवर ठेवलं.

"नऊवार हाय बा. आतलं एवढं गेलं तर पाखरांना काय कळायलंय?"

"तानू..."

"तोंड न्हाई दिसलं," ती म्हणाली. डोळे चुलीकडे होते. "पर पाठ तर बघितली. लय दिसांनी बघितली." मग भाकरी फुगली, ती काढायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं उभी होती. तान्ही त्या हिरव्या तुकड्यात गुंडाळलेली. पार्वतीबाईंचा खण तानूच्या गाठोड्यात होता. मुंजाजीनेच घातला, आईच्या नावाचा लेकीने नाही तर कुणी घ्यायचा? गाडीची धूळ दिसली तशी ती म्हणाली,

"बा, एक सांगू? माय डाव्या हातानं टाकायची दाणे."

"सगुणा? न्हाई गं. ती उजवीच व्हती. वाढायची की उजव्या हातानं."

"लोकांत. लहानपणी मारून मारून सोडवलं व्हतं तिचं डावं. पर मोरांपाशी कोण बघायलंय? मी जायचे की तिच्यासंगं. सूप उजव्या कमरेला, आन् डाव्या हातानं टाकायची." मग ती म्हणाली, "तू कवा आलाच न्हाईस बघायला."

हा टोमणा नव्हता. गाडी आली, ती चढली, खिडकीतून तान्हीचा हात हलवला.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मुंजाजी पळसांपाशी उभा राहिला. सूप उजव्या कमरेला घेतलं. ते ओळखीचं वाटेना, घसरायला लागलं. डाव्या हाताला जोर नव्हता, नेमही नव्हता. त्याने मूठ टाकली, तर दाणे लांब गेलेच नाहीत, त्याच्याच पायाशी सांडले. त्याने ओशाळून पुन्हा टाकली. पुन्हा तिथेच.

करवंदीतून मोर आले. नेहमीच्या जागी थांबले, माना वाकड्या करून बघू लागले. मग त्यातला एक पुढे आला, त्याच्यामागे दुसरा. दाणे त्याच्या पायांशी होते, आणि पाखरं तिथवर येऊन खाली माना घालून टिपू लागली. एकाचा पिसारा लुगड्याला घासून गेला.

"मोर किती जवळ येतात हो वैनीसाहेबांच्या!" व्हरांड्यातून दिनकररावांचा आवाज आला.

मुंजाजी वळला नाही. त्याने डावी मूठ सावकाश उघडली.