मेलेले नेचे आणि पाच कप

काचेचे झाकण उचलले गेले आणि होल्ट्स वेल या वाळवंटी गावाच्या सभागृहातली साठ-सत्तर माणसे एकदम गप्प झाली. काल गुरुवारी सकाळी याच टेबलावर नेच्याचा, म्हणजे फर्नचा, एक वाळका झुबका ठेवला होता. तपकिरी, मुठीसारखा आवळलेला, चुरला तर भुगा होईल असा. आज तो हिरवा होता आणि त्याची पाने उलगडली होती.

"मेलेलं होतं हो," पोस्टातली बाई म्हणाली. "मी स्वतः हात लावून बघितलं होतं."

"मेलेलं काहीच नसतं," लिंडन फेय मंद हसत म्हणाला. "आपण जमिनीशी बोलणं टाकलंय, म्हणून ती रुसलीय. मी फक्त तिचं ऐकून घेतलं."

ऐकून घ्यायला त्याला तीन गोष्टी लागत. एक तांब्याचा दांडा, एक निळी बाटली आणि घसा. दांडा झुबक्याशेजारी रोवायचा, बाटलीतले 'जागवलेले' पाणी त्यावर भरपूर ओतायचे आणि डोळे मिटून पंधरा मिनिटे हुंकार भरायचे. भूमीचे मनोगत ऐकणारा हा महात्मा किनाऱ्यावरच्या शहरातून आला तेव्हा त्याच्या पायात कोरे करकरीत बूट होते आणि त्यांना अजून भूमी लागलेली नव्हती. पण पावसाने दडी मारल्याच्या तिसऱ्या वर्षी बुटांकडे कोण पाहतो?

मागच्या रांगेत डॉ. मर्ल ट्रेगेन्झा हाताची घडी घालून बसल्या होत्या. वय एकाहत्तर, धंदा वनस्पतिशास्त्राचा, तोही वाळवंटातल्या वनस्पतींचा. १९७१ साली त्यांनी गावाबाहेर, नोस्के कुटुंबाच्या मेंढ्यांच्या कुरणात, एक चौकोन आखून त्याभोवती सशांना अडवणारी जाळी ठोकली. तेव्हापासून दर सप्टेंबरात त्या येत, स्टुलावर बसून चौकोनातले प्रत्येक रोप मोजत आणि एकाच लोखंडी खुंटीवर कॅमेरा ठेवून एक फोटो काढत. त्रेचाळीस वर्षे, त्रेचाळीस फोटो. झुडपे मोजून कुणाचे भले झालेय, असे आईने विचारले होते. पुढे विद्यापीठानेही तेच विचारले, फक्त लेखी. मर्लबाईंनी दोघांनाही उत्तर दिले नाही. मल्गाचे, म्हणजे इथल्या बाभळीचे, रोप कमरेएवढे व्हायला पंधरा वर्षे लागतात, त्यामुळे उत्तराची त्यांना घाई नव्हती. आज मात्र त्या चौकोनात डोक्याएवढे मल्गाचे अख्खे बन होते, आणि जाळीबाहेर मैलोन् मैल तांबडी माती.

"त्याला पाणी मिळालं," मर्लबाई उभ्या राहून म्हणाल्या. "खडकातलं नेचं आहे ते. कोरडं पडलं की आवळून बसतं, पाणी मिळालं की उठतं. त्यात दांड्याचा काय संबंध?"

"बाई," मागून कुणीतरी म्हणाले, "चाळीस वर्षं झुडपं मोजताय, एक तरी हिरवं केलंत का? या माणसानं एका दिवसात करून दाखवलं."

सभागृह हसले. लिंडनने मोठ्या मनाने हात वर करून सगळ्यांना शांत केले. "डॉक्टरांचा राग मला समजतो. मोजणाऱ्याला ऐकू येत नाही, यात त्यांचा दोष नाही."

मर्लबाईंनी हे कोपरापासून हात जोडून सोडून दिले असते. पण पहिल्या रांगेतून आयर्मा नोस्के उठली.

"मर्ल, तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. उद्या मी तुझी जाळी काढतेय."

"काय?"

"हे म्हणतात, लोखंडानं जमिनीचा श्वास कोंडतो. त्या चौकोनात शक्ती आहे, म्हणून तिथे हिरवं आहे. जाळी निघाली आणि यांच्याकडून विकत घेतलेले बारा दांडे लागले, की ती शक्ती सगळ्या कुरणात पसरेल."

"आयर्मा, तिथे हिरवं आहे कारण तिथे जाळी आहे. जाळी गेली तर पंधरा दिवसांत ससे आणि रानबकऱ्या सगळं फस्त करतील."

"माझ्याकडे तरी काय उरलंय?" आयर्माचा आवाज चिरकला. "निम्म्या मेंढ्या गेल्या. पोरगा, वॉरन, खाणीत नोकरी धरायची म्हणतोय. तुझे फोटो छान आहेत गं, पण ते बघून पाऊस आला नाही."

बुडत्याला काडीचा आधार. इथे तर काडी तांब्याची होती. मर्लबाईंना आयर्माचा राग आला नाही. जमीन आयर्माची होती. जाळीची परवानगी तिच्या नवऱ्याने कुंपणाला टेकून, बिअर पिता पिता, तोंडी दिली होती, आणि तो कधीच मातीआड गेला होता.

"तुझं कुरण, तुझा हक्क," त्या म्हणाल्या. "एक दिवस दे फक्त. हे नेचं कुणी आणलं होतं?"

"मीच. लबाडी नको म्हणून त्यांनी मलाच आणायला सांगितलं."

"कुठून?"

"उत्तरेच्या टेकडीवरच्या खडकातून. खडकात जमिनीची आठवण टिकते म्हणे."

"दारातलं वाळलेलं झुडूप चाललं नसतं?"

आयर्माने लिंडनकडे पाहिले. लिंडनने छताकडे पाहिले.

त्या दुपारी मर्लबाईंच्या सांगण्यावरून आयर्माने त्याच खडकातून पाच झुबके आणले आणि सभागृहातल्या चहाच्या पाच कपांत ठेवले. पहिल्यात निळ्या बाटलीतले पाणी. दुसऱ्यात टाकीतले. तिसऱ्यात सकाळचा उरलेला गार चहा. चौथ्यात हॉटेलवाल्याने औदार्याने बिअर ओतली. पाचव्या कपात काहीही ओतले नाही, पण त्यात दांडा उभा केला आणि लिंडनला विनंती केली, की हुंकार भरायचे ते याच्यावर, हवे तितके. त्याने तब्बल अर्धा तास भरले. मग सभागृहाला कुलूप लागले आणि किल्ली आयर्माच्या खिशात गेली.

शनिवारी सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त गर्दी होती. पाण्यातले दोन्ही झुबके हिरवेगार. चहातलाही हिरवा. बिअरमधला जरा उशिरा उठला होता, पण त्याचे होल्ट्स वेलमध्ये कुणाला नवल वाटले नाही. दांड्याशेजारचा पाचवा मात्र मुठीसारखा आवळलेला, तपकिरी, ठार कोरडा. अर्ध्या तासाचे हुंकार त्याने कानाआड केले होते.

"संशयी नजरांमुळे असं होतं," लिंडन म्हणाला. "शक्ती अंग चोरते."

"चहात नाही चोरलं तिनं अंग," हॉटेलवाला म्हणाला.

खिडकीशी बसलेली एनिड मावशी हसली. तिची माणसे या खडकांत गावाच्या आणि मेंढ्यांच्याही कितीतरी आधीपासून होती. मर्लबाईंना हे नेचे पहिल्यांदा तिच्याच आजीने दाखवले होते. "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "आमची पोरं थुंकून उठवतात त्याला."

"मग आधी का नाही बोललीस?" आयर्माने विचारले.

"विचारलं कुणी?"

लिंडन अजून हरला नव्हता. असली माणसे पडली तरी नाक वर. "नेचं सोडा," म्हणत त्याने फोटो छापलेले रंगीत पत्रक पुढे केले. "हे कुरण बघा. दोन वर्षांपूर्वी उजाड होतं. आज माझे दांडे आणि ही हिरवळ. हे तर चहानं झालेलं नाही ना?"

पत्रक हातोहात फिरत आयर्माकडे आले. तिने ते उजेडात धरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहत राहिली. आयर्माला वनस्पतिशास्त्र येत नव्हते. पण साठ वर्षांच्या आयुष्यात तिने मैलोन् मैल कुंपण घातले होते आणि तितकेच उपटले होते.

"हे खड्डे कसले?" तिने विचारले.

"कुठले?"

"हिरवळीच्या कडेला. एका रेषेत, पाच-पाच पावलांवर, ताजी माती दाबलेली. खांब उपटल्यावर अशीच माती दाबतात. इथे कुंपण होतं. आत हिरवं, बाहेर उजाड. तुम्ही कुंपण काढलंत, दांडे रोवलेत आणि फोटो काढलात."

लिंडनने पत्रक परत घ्यायला हात पुढे केला, पण आयर्माने ते सोडले नाही.

"आणि फोटोनंतर? सशांनी दांडे तेवढे मागे ठेवले असतील ना?"

आता कुठे सभागृहाला सगळे दिसले. आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्याने वर्षानुवर्षे राखलेला हिरवा तुकडा शोधायचा, नेच्याचा खेळ करून मालकाला गुंडाळायचे, कुंपण दिसू नये म्हणून ते त्याच्याच हातून काढून घ्यायचे आणि फोटो घेऊन पुढच्या गावाला दांडे विकायला जायचे. लोखंडाने श्वास कोंडत होता तो जमिनीचा नव्हे, पत्रकाचा. लिंडनची गाडी धुरळा उडवत गेली तेव्हा त्याच्या बुटांना पहिल्यांदा होल्ट्स वेलची माती लागलेली होती.

दुपारी मर्लबाई स्टूल घेऊन चौकोनात बसल्या असताना आयर्माची गाडी आली. मागे पक्कड, तारेची गुंडाळी, फावडे. जाळी काढायला म्हणून तिने ते सामान पहाटेच भरून ठेवले होते. मर्लबाईंचा हात वहीवर थांबला.

"ईशान्येच्या कोपऱ्यात फाटलीय," आयर्मा म्हणाली. "येताना दिसलं. सशाचं पिल्लू सहज शिरेल."

ती गुडघ्यावर बसली आणि तार आवळू लागली.

"पाऊस आणता येणार नाही तुला," ती म्हणाली.

"नाही."

"पण मी उत्तरेला दहा हेक्टरांना जाळी घातली, तर?"

"तरी पाऊस लागेलच. पण तो येईल तेव्हा उगवलेलं वाचेल. पंधरा वर्षांनी तुझ्या कमरेला लागेल."

"तोवर मी पंच्याहत्तरची."

"मी शहाऐंशीची. फोटो काढायला येईन."

वाचकहो, वाळवंटात चमत्कार होत नाहीत असे मर्लबाई कधीच म्हणाल्या नाहीत. मेल्यासारखे पडलेले नेचे कपभर पाण्यावर उठते, याहून मोठा चमत्कार कुठला? फक्त त्याला दांडा लागत नाही, हुंकार लागत नाहीत. म्हणून उद्या कुणी तुमच्यासमोर मेलेले जिवंत करून दाखवले, तर हात जोडण्याआधी पाच कप मांडा, आणि त्यातला एक कोरडा ठेवा. आणि तो तुमच्या घरचे कुंपण काढा म्हणाला, तर ते कुणी आणि कशासाठी घातले होते, एवढे आधी विचारा.

आयर्माने शेवटची गाठ मारली, हात झटकले आणि फोटोत आपली सावली येऊ नये म्हणून ती बाजूला सरकली.