दोन सुयांचा नियम

वेणूबाई दळवींचा गुडघा बदलला, स्वभाव मात्र होता तसाच राहिला. कॅम्प तीन या वस्तीतल्या ज्या इस्पितळात त्या बावीस वर्षं मेट्रन होत्या, तिथेच आता बायकांच्या वॉर्डात पाच नंबरच्या खाटेवर पडल्या होत्या, आणि पडल्या पडल्या वॉर्ड चालवत होत्या. चादरीचा कोपरा सुटला की हाक, तांब्यावर झाकण नसलं की हाक. शेजारच्या खाटेवर लाजवंतीबाई होत्या, बाजारातल्या जीन्सच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांनी एकदा विचारलंच, "मेट्रनबाई, आप ऑपरेशन के लिए आयी हो या ड्यूटी पे?"

"दोन्ही," वेणूबाई म्हणाल्या.

या इस्पितळात त्यांच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. एकाहत्तरच्या लढाईत पठाणकोटकडे, तंबूतल्या लष्करी इस्पितळात, लेफ्टनंट वेणूची सुई म्हणे एकदाही चुकली नाही. वेणूबाईंनी ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नव्हती, पण कधी खोडूनही काढली नव्हती. आयता मोठेपणा कुणाला जड होतो? शिवाय तिच्याच जोरावर त्यांनी एक नियम केला होता आणि तो अजून नर्सच्या टेबलामागे फ्रेममध्ये लटकत होता. नव्या नर्सची एकाच पेशंटला दोनदा सुई चुकली आणि तक्रार आली, तर तिने वॉर्ड सोडायचा.

काल सलाईनची सुई लावताना हर्षदा नावाची नवी पोरगी वेणूबाईंच्याच हातावर दोनदा चुकली. वेणूबाईंनी जुन्या सवयीने आवाज चढवला, "सीनियरला बोलवा!" सगळ्या वॉर्डाने ऐकलं. सुयांना लहान पोरासारख्या घाबरणाऱ्या लाजवंतीबाईंनी तर लगेच बजावलं, "उस लडकी को मेरे पास मत भेजना."

आज सकाळी हर्षदा तांब्या भरायला आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"काय गं?"

"काय नाय आजी. संजीवनी सिस्टर बोलल्या, दुपारपासून ये नको. तुमची चूक नाय, माझाच हात थरथरला. तुम्ही एवढ्या मोठ्या, ते बघूनच भ्याले." मग हळूच म्हणाली, "आमच्या बारवी धरणाकडच्या पाड्यावर मी पहिलीच नर्स. आता बाबाला काय सांगू, त्येच कळत नाय."

ती तांब्यावर आठवणीने झाकण ठेवून गेली. वेणूबाईंना ते झाकण बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्याच नियमाने, स्वतःच्याच तोंडाने त्यांनी एका पोरीला घालवलं होतं. तिला ठेवायचं तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर चोपन्न वर्षांचा मोठेपणा ओवाळून टाकावा लागणार होता.

हेड नर्स संजीवनी राउंडला आली. तिला वेणूबाईंनीच घडवलेलं.

"संजीवनी, त्या पोरीला बोलव. या सुईची जागा सुजलीय. नवी तीच लावेल."

"बाई, नियम तुमचाच आहे."

"नियम माझा आहे आणि अर्धा खोटा आहे. ऐका सगळ्या." खाटाखाटांवरून माना वळल्या. आता मागे फिरायचं नव्हतं. "पहिल्या रात्री माझी सुई एकाच जवानाला तीनदा चुकली. साताऱ्याकडचा भीमा म्हणून होता, मांडीत गोळी. बोटं थंडीने आखडली होती म्हणून मी आजवर मनाला समजावलं. थंडी कसली? भीती होती. रडत दुसरीला बोलवायला निघाले, तर त्याने मनगट धरलं. म्हणाला, 'सिस्टर, इहिरीला पैल्या फटक्यात पानी लागत न्हाई. खना.' चौथ्यांदा लागली. महिन्याने तो काठी टेकत घरी गेला. आणि पुढे मेट्रन झाल्यावर त्या लाजेपायी मी हा नियम केला. भीमाची अर्धी गोष्ट मात्र गिळून टाकली."

संजीवनीने हर्षदाला हाक मारली.

पोरगी आली. वेणूबाईंनी उजवा हात पुढे केला. "घाई नको. गुडघा नवा आहे, मी कुठं पळत नाही."

पहिल्यांदा चुकली. संजीवनीचा हात आपोआप पुढे आला.

"हात मागे," वेणूबाई म्हणाल्या, आणि तो मागे गेला. मग हर्षदाकडे वळून म्हणाल्या, "खण."

हर्षदाने एक श्वास घेतला. बोटाने शीर चाचपली, पुन्हा चाचपली, सुई टेकवली. सुईच्या टोकामागे रक्ताचा लाल ठिपका चढला. हात थरथरत नव्हता.

"लागलं पाणी," वेणूबाई म्हणाल्या आणि त्यांनाच हुंदका आला. तो लपवायला त्या संजीवनीवर खेकसल्या, "बघतेस काय? ती फ्रेम उतरव आधी!"

संजीवनी हसत स्टूल आणायला गेली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"ए लडकी. मेरी भी सुई आज बदलने की है ना?"

हर्षदा थबकली. लाजवंतीबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले आणि बाही वर केली.