तोम्पोकचे सहा आठवडे

"डॉक्टर, मांजरानं दिवसातून शी करावी तरी किती वेळा?"

नुरैननं भर दवाखान्यात खणखणीत आवाजात विचारलं. 'विचारून दाखवच' अशी पैज लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी वफा आणि इज्जाती आता तोंड लपवून खिदळत होत्या.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "खातो काय हा?"

"गिऱ्हाईक देईल ते!"

मारांगच्या किनाऱ्यावर नुरैनच्या आबांची टपरी होती. माशाच्या तळलेल्या वड्या घेणारा प्रत्येकजण कढईशेजारी बसलेल्या या बोक्याला, तोम्पोकला, एक तुकडा टाकायचाच.

"मासा बंद. सहा आठवडे फक्त उकडलेली कोंबडी आणि चमचाभर भोपळा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

घरी आबा उसळले. "मागणाऱ्या मांजराला नाही म्हणायचं? पाप लागेल, पोरी! शिवाय लोक त्यालाच बघायला थांबतात."

"आणि जुलाबांनी तो निम्मा झालाय, त्याचं पुण्य कुणाला?"

"जीभ बघा हिची!" आई म्हणाली.

नुरैननं तोम्पोकला उचललं. त्याच्या बरगड्या हाताला लागल्या.

"ठरलं! सहा आठवडे हा माझ्या खोलीत राहणार. कोंबडी मी उकडणार. लोकांना मांजरच हवं असेल, तर उद्यापासून शाळा सुटली की कढईशेजारी मी बसते, म्याव करत!"