घंटी कंडक्टरने वाजवायची

आमच्या ह्यांनी उभी हयात बस चालवली, पण प्रवासी म्हणून बसमध्ये बसायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

या परक्या शहरात आम्ही आलो ते आक्कांसाठी. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. आता आक्कांच्या घशात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल, कायमचा. म्हणजे आक्कांचं बोलणं ऐकायचं तर आजच, पाचच्या आत, कारण पाचला भेटीची वेळ संपत होती.

"मामी, सरळ टॅक्सी करा," भाच्यानं दवाखान्यातून फोनवर सांगितलं.

"टॅक्सी कशाला?" हे म्हणाले. "पाहुण्यांसाठी दिवसभराचा पास असतो. एकदा काढला की बस म्हणा, ट्राम म्हणा, हवं तितक्यांदा चढा नि उतरा."

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. आठवडाभर राहायचं होतं, आणि पेन्शनवर जगणाऱ्यांनी अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. स्टेशनच्या खिडकीवर पास घेतले, बसचा नंबर विचारला, वेळ हाताशी भरपूर होता. ह्यांनी अगदी पुढची जागा धरली. बस एक तरणी पोरगी चालवत होती. सिग्नल आला की ह्यांचा उजवा पाय आपोआप खालची फरशी दाबायचा. मी हसू दाबून बाहेर बघत होते.

तेवढ्यात दवाखान्याची उंच इमारत दिसली. समोरच्या खांबाला लाल बटण होतं. मघापासून बघत होते, लोक ते दाबत आणि मग उतरत. मी हात पुढे केला, तर ह्यांनी तो वरच्यावर धरला.

"अगं, हात लावू नकोस! घंटी कंडक्टरने वाजवायची. प्रवाशाने घंटी वाजवली की ड्रायव्हरचं डोकं फिरतं."

"अहो, इथं कंडक्टर आहे कुठे?"

"असेल मागे. आणि थांबा आला की गाडी थांबतेच. मी एक तरी थांबा कधी सोडला का?"

सोडला नव्हता, हे खरंच. पण त्या थांब्यावर चढायला कुणी नव्हतं, उतरायचं म्हणून बटण कुणी दाबलं नव्हतं, आणि बस थांब्यावरून अशी निघून गेली, जशी आम्ही आत नव्हतोच.

"अहो, तिला सांगा ना!"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही, हा ह्यांचा आयुष्यभराचा नियम. कित्येकांना त्यावरून झापलेलं. बस नदीवरच्या लांबलचक पुलावर चढली, तसं माझं डोकंच फिरलं.

"बसा नियम कुरवाळत! उद्यापासून आक्का बोलणार आहेत का तुमच्याशी?"

लागेल असंच बोलले, आणि लागलंच. त्यांचा चेहरा पडला. ते उठले, दांडी धरून पुढे गेले आणि लहान पोरासारखं म्हणाले, "पोरी, माफ कर गं, मधेच बोलतोय. माझी बहीण मागे राहिली."

"अहो काका, बटण नाही का दाबायचं?" रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "पुलावर मला थांबवता येत नाही. पलीकडे उतरा, समोरच्या थांब्यावर उलटी गाडी मिळेल. पास आहे ना? मग चिंता नको."

पुलापलीकडे उतरून रस्ता ओलांडला. उलटी गाडी येईना. माझी पाचावर धारण बसली. शेवटी आली एकदाची. ह्यांनी आत पाय ठेवल्या ठेवल्या बटणावर अंगठा रोवला, तो दवाखाना येईपर्यंत काढलाच नाही. ड्रायव्हर आरशातून डोळे वटारत होता. त्याचं तरी काय चुकलं?

आम्ही वॉर्डात पोचलो तेव्हा नर्स लोकांना बाहेर काढायलाही लागली होती. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज घोगरा, पण धार तीच.

"ढब्या, ही यायची वेळ झाली? टॅक्सी करता येत नव्हती? आणि हा शर्ट कसला चुरगळलेला! हिला कामाला लावतोस, स्वतः इस्त्री फिरवायला हात मोडतात?"

मी दोन शब्द बोलले तर अंगावर येणारा हा माणूस मान खाली घालून ऐकत होता. डोळ्यांना धार लागली होती. मध्ये आक्का दम घ्यायला थांबल्या, तर हे घाईघाईनं म्हणाले, "चप्पलसुद्धा तुटकीच घालून आलोय, आक्का." मग चपलेवरून पुन्हा सुरू झालं. मला रडू आवरेना.

नर्सनं घड्याळ दाखवलं. आक्कांच्या पायाला हात लावून आम्ही बाहेर आलो. दार लोटलं, तोच आतून हाक आली, "ढब्या!"

हे जागच्या जागी थांबले. दोन पावलांवर दार होतं, पण ह्यांनी ओ दिली नाही. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि कान दाराला लावला.

आक्कांनी पुन्हा हाक मारली.