कलावतीबाईंच्या नावाची पाटी

शाळेतली नव्हे हो, मी दारावरची पाटी! न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात, जॉन्सनव्हिलच्या एका गराजमध्ये माझा जन्म झाला. रिमू नावाच्या इथल्या झाडाचं जुनं फळकूट होते मी. तात्यारावांनी रंधा मारला, पॉलिश केलं आणि माझ्यावर बायकोचं नाव कोरलं, ‘कलावती’. ‘व’ जरा वाकडा आलाय, पण त्यांना सांगणार कोण?

कलावतीबाईंना दमा. वेलिंग्टनचा गार वारा लागला की छाती भरून यायची. हिवाळा कुठेतरी उबेत काढायचा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं. तात्याराव रिटायर झाले आणि नेमका तेव्हाच विहारातल्या कार्यक्रमात यतीन भेटला. घरं विकून देणारा एजंट, एक नंबरचा गोडबोल्या!

“काका, थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. पण तीस वर्षांचं लीज मिळतं. घर तुमचंच समजा.”

त्या ‘समजा’वर तात्यारावांनी ऑकलंडकडच्या टाकानिनीतलं, भाड्याने दिलेलं छोटं घर विकलं आणि तीस वर्षांचं भाडं एकदम भरायचं ठरवलं. मुलगी दीप्ती कळवळून म्हणाली, “डॅड, गेट युअर ओन लॉयर, प्लीज.”

तात्याराव उखडले. “बुद्धाच्या देशात आपल्याला कोण फसवणार गं?”

थायलंडला जाऊन सह्या करायचा दिवस निवडला तोही बुद्धपौर्णिमेचा. भंतेजी आले, परित्राणपाठ झाला, मला तिथल्या घराच्या दारावर ठोकलं. कलावतीबाई सारख्या डोळे पुसत होत्या. मलाही काय मिरवल्यासारखं वाटत होतं म्हणून सांगू! सह्या झाल्या. आता जमीन कचेरीत जाऊन लीजची नोंदणी करायची, तर कचेरी बंद. बुद्धपौर्णिमेची सरकारी सुट्टी! बुद्धाचा देश म्हणून आलात ना, मग त्या देशात ह्या दिवशी सुट्टी असणार, एवढं कळू नये? परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं.

“नोंदणीचं मी बघतो काका. टेन्शन घेऊ नका,” यतीन म्हणाला.

बघितलं हो त्याने! चांगलंच बघितलं.

तीन हिवाळे मात्र सुखाचे गेले. कलावतीबाई माझ्या खाली खुर्ची टाकून भाजी निवडायच्या आणि चक्क गाणी गुणगुणायच्या. मग जिच्याकडून लीज घेतलं होतं त्या थाई मालकिणीने जमीन विकली. नवा मालक आला, हात जोडून हसला आणि घर रिकामं करा म्हणाला. नोंदणी नसलेलं लीज तिथे तीन वर्षांपुरतंच चालतं. कायदा त्याच्या बाजूने होता. भरलेलं भाडं पाण्यात गेलं, आणि यतीन फोन उचलेना.

परत येताना ऑकलंडच्या विमानतळावर, लाकडात कीड आहे का म्हणून मला उलटंपालटं करून तपासलं. मी इथल्याच झाडाची, पण विचारतो कोण? तेव्हापासून कपाटात पडून आहे. बाहेर खोकला ऐकू येतो आणि जीव तुटतो.

परवा शेजारच्या गल्लीतले हरीश आणि लीला चहाला आले. “काका, यतीनने आम्हालाही तिकडचं घर दाखवलंय. तुमचा अनुभव कसा?”

“छान आहे की. काही त्रास नाही,” तात्याराव म्हणाले.

अस्सा संताप आला मला! लाजेपायी दुसऱ्याचं घर बुडवता?

कलावतीबाई खोकतच उठल्या. कपाटातून मला काढलं आणि चहाच्या कपांशेजारी ठेवलं. “घर छानच होतं. ही त्याच्या दारावरची पाटी. आम्हाला बाहेर काढलं त्या दिवशी मीच उतरवली. यतीनने नोंदणी केलीच नव्हती.”

लीला गडबडली. “पण काका तर आत्ता म्हणाले...”

“काकांना लाज वाटते गं. मला दम लागतो.”

तात्याराव मान वर करेनात. हरीशने मला हातात घेतलं आणि नावावरून बोट फिरवलं. वाच बाबा, नीट वाच. आणि कचेरीत नोंदणी झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत, लीलाच्या नावाची पाटी कोरायला घेऊ नकोस.